बसलेल्या माणसाला नमस्कार

दत्तात्रय जगदाळे या माणसाबद्दल चांगलं बोलणारं कुणी मला कार्ल्सरूहेत भेटलेलं नाही, आणि त्यात त्या लोकांची काही चूक आहे असंही मला वाटत नाही. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत ते क्वालिटी विभागाचे प्रमुख होते, मी त्यांची असिस्टंट. माझं नाव सुजाता आहे हे त्यांना माहीत असावं, कारण माझ्या रजेच्या अर्जावर ते लाल पेनाने दुरुस्त्या करायचे. पण हाक मात्र कायम ‘बाई’ अशीच. ‘हे बघा बाई,’ अशी सुरुवात झाली की पुढचा अर्धा तास गेला असं समजायचं.

सहा फूट उंची, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि लाल पेन. रविवारीसुद्धा. मूळचे कोरेगावचे, नोकरी चाकणला, तिथून कंपनीने इकडे पाठवलं आणि इथे जर्मन लोकांनी त्यांच्या खोडीला पगार देऊन वर सर्टिफिकेट दिलं. मग काय विचारता! माणूस मुळातच खडूस, त्यात त्याला जर्मनी मिळाली. ‘फाल्श’ हा त्यांचा आवडता शब्द. चूक. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तो यायचा. ‘आपण चुका काढतो म्हणून गाड्या थांबतात, बाई,’ हे त्यांचं ब्रीदवाक्य, आणि गाड्यांपुरतं ते खरंही होतं.

मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना बोलवावंच लागे, कारण न बोलावल्याबद्दल ते लेखी तक्रार करत. एका वर्षी प्रसादाच्या ताटातले मोदक त्यांनी पट्टी लावून मोजले. कुणाच्या अकरा कळ्या, कुणाच्या नऊ. ज्या बिचारीच्या मोदकांना नऊ निघाल्या ती सकाळी पाचला उठून एकवीस मोदक करून, दोन मुलांना आवरून, ट्राम पकडून आली होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या वर्षी त्यांनी आरती मध्येच थांबवून सगळ्यांचे उच्चार सुधारले. टाळ वाजवणारे दोघे टाळ हातात धरून तसेच उभे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेव्हा होत्या. त्यांनी हळूच निरांजन उचललं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवऱ्याने केलेली पंचाईत निस्तरणं हे वहिनींचं आयुष्यभराचं काम होतं. त्या गेल्यावर ते काम करायला कुणी उरलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी गौरी. मंडळामुळे तिला मी ती शाळेत असल्यापासून ओळखते. आई गेल्यावर ती माझ्याकडे चहाला यायची, ‘सुजाता मावशी’ म्हणायची आणि बाकी सगळं जर्मनमध्ये बोलायची. मंडळात साहेब छाती फुगवून सांगत, ‘आमच्या गौरीला अशुद्ध मराठी खपत नाही.’ खपणार कशी? ती मराठी बोलतच नव्हती. सात वर्षांची असेपर्यंत बोलायची. जेवताना शाळेतली गंमत सांगायला लागली की बाबा पहिल्या वाक्याला थांबवायचे, फाल्श. पुन्हा म्हण. पुन्हा म्हटलं की दुसऱ्या शब्दाला फाल्श. गंमत तिथेच मरायची, भाजी गार व्हायची. एक दिवस तिने सगळी गोष्ट आईकडे बघत जर्मनमध्ये सांगून टाकली. त्या दिवसापासून ती बाबांशी एकही मराठी वाक्य बोलली नव्हती. हे तिने मला कप विसळता विसळता सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

अशा गौरीने चांदा नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. चांदा झांबियाचा, किटवे गावचा, इथल्या विद्यापीठात शिकून इथेच नोकरीला लागलेला. शांत मुलगा. लग्नाआधी दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून व्हिडिओ कॉल ठरला, आणि साहेबांनी त्याला ‘तेर्मीन’, म्हणजे आधी ठरवलेली भेट, म्हणून कॅलेंडरात अर्ध्या तासाची जागा दिली. गौरीच्या आग्रहाने मीही हजर होते.

पडद्यावर चांदाची आई आली. निवृत्त मुख्याध्यापिका, डोक्याला रंगीत फडकं, नाकावर चष्मा. त्यांच्याकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने ओळखतात, म्हणून सगळे तिला ‘बाना चांदा’ म्हणायचे, म्हणजे चांदाची आई. ती खाली चटईवर बसली. दोन्ही हातांची ओंजळ करून तिने हलक्या टाळ्या वाजवल्या आणि बेम्बा भाषेत म्हणाली, ‘म्वापोलेनी मुक्वाई,’ म्हणजे आदराने केलेला नमस्कार. मग इंग्रजीत तब्येत विचारली. घरच्यांची विचारली. कोरेगावला कोण असतं, त्यांची तब्येत कशी, तिथे पाऊसपाणी कसं, गौरीच्या आईला काय झालं होतं. व्याही-विहिणींनी पहिल्या भेटीत एवढं तरी बोलावं. आपल्याकडेही बोलतातच की. आणि आमचे साहेब घड्याळ बघत होते. बाराव्या मिनिटाला ते इंग्रजीत म्हणाले, ‘मॅडम, आपण मुद्द्यावर येऊ.’ आणि समोरच्या कागदावरून त्यांनी मुलाच्या शिक्षणाचे, आजारांचे, घराण्याचे प्रश्न वाचायला घेतले. तिच्या नमस्काराला उत्तर म्हणून एक शब्द नाही. बाना चांदाने तीन प्रश्नांची उत्तरं दिली, मान खाली घातली आणि फोन चांदाकडे दिला. मला इतकी लाज वाटली की मी चहा करायच्या निमित्ताने उठले.

लग्न झालं. साहेब स्टान्डेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणीच्या कचेरीत, आले नाहीत. त्या दिवशी त्यांचं ऑडिट होतं म्हणे. वर्षभराने गौरीला मुलगी झाली, बाळंतपणासाठी बाना चांदा किटवेहून आली, आणि साहेबांना मुलीचा जर्मनमध्ये एक मेसेज आला. तो त्यांनी मला ट्राममध्ये दाखवला. मजकूर असा: आधी नमस्कार शिका. चांदाच्या आईशी तिच्या भाषेत बोला, माफी मागा. मग नात बघा.

‘हे ब्लॅकमेल आहे, बाई.’

‘मग नका जाऊ,’ मी म्हणाले.

त्यांचा स्टॉप आला तरी उतरले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी फोनवर बाळाचा फोटो उघडला. तो मीच त्यांना पाठवला होता, गौरीला न सांगता. दोन बोटांनी त्यांनी तो मोठा केला. ‘कानाची पाळी बघा. आमच्या आईची. तंतोतंत.’ त्यांनी खिशातली पट्टी काढली, पडद्यावरच्या कानाजवळ नेली आणि परत ठेवून दिली. मग विचारलं, ‘ही बेम्बा भाषा किती दिवसांत होते?’

भाषा ‘होते’! पण दुसऱ्या सोमवारी फाइल तयार. इंटरनेटवरून ‘नवशिक्यांसाठी रोजची वाक्यं’ असं एक पान त्यांनी छापून आणलं होतं. पंचवीस वाक्यं. मी कसा आहे, तुम्ही कशा आहात, मला पाणी हवं, बस कुठे थांबते. त्यांनी त्याचा तक्ता केला: वाक्य, अर्थ, शेरा. आणि पहिलं काम काय केलं असेल? चार वाक्यांवर लाल काट मारली.

बेम्बा लोकांत नमस्कार एकच नसतो. समोरचा काय करतोय ते बघून नमस्कार करायचा. नुकत्याच उठलेल्या माणसाला वेगळा, काम करणाऱ्याला वेगळा, प्रवासाहून आलेल्याला वेगळा आणि नुसत्या बसलेल्यालाही वेगळा. तो ‘म्वाइकालेनी’. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. साहेबांनी चारही उडवले.

‘एक नमस्कार ठेवू. बाकीचे डुप्लिकेट आहेत. आणि बसलेल्या माणसाला कसला नमस्कार करायचा? त्याने काय केलंय?’

मी कपाळावर हात मारला.

छापील पानावरून उच्चार कळेनात, तेव्हा त्यांनी मला आवाज शोधायला लावलं. मी सरळ चांदाला फोन केला. त्याने एका दुपारी पंचवीसच्या पंचवीस वाक्यं शांतपणे, दोनदा-दोनदा म्हणून पाठवली. काट मारलेलीसुद्धा, कारण काट मारल्याचं मी त्याला सांगितलंच नाही. मला लाज वाटली. साहेबांना मी एवढंच म्हटलं की एक शिक्षक मिळालेत. त्यांनी नाव विचारलं नाही. लोकांची नावं विचारायची त्यांना सवय नव्हती. कानात इअरफोन घालून ते महिनाभर तो आवाज ऐकत होते, आणि एकदा तर चक्क म्हणाले, ‘शिकवणारा माणूस बरा आहे, बाई. कुठे घाई नाही, कुठे फापटपसारा नाही. असे लोक आपल्याकडे हवेत.’ चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही एकमेव स्तुती, आणि ती ज्याची होती त्याच्या लग्नाला हे गृहस्थ गेले नव्हते.

रोज सकाळी ट्राममध्ये मला बाना चांदा व्हावं लागे. ते फाइल उघडून खणखणीत आवाजात ‘मुली शानी?’ म्हणजे ‘कशा आहात?’ असं विचारत. समोरची म्हातारी जर्मन बाई जागा बदलून बसे. मी काही उत्तर द्यायला लागले की ते हात वर करत. ‘थांबा. क्रमांक तीन.’

‘साहेब, त्या उत्तर देतील ना? ते समजायला नको?’

‘आल्झो, हे बघा, त्यांनी आधी माझी वाक्यं ऐकून घ्यावीत. उत्तरांचा स्कोप यात नाही.’

माफीचं वाक्य शेवटचं होतं, क्रमांक एकवीस. ‘न्जेलेलेनीको मुक्वाई.’ मला माफ करा. ते म्हणताना त्यांचा आवाज तसाच असायचा, बस कुठे थांबते विचारतानाचा. ‘एकवीस, पास,’ म्हणून ते बरोबरची खूण करायचे. एक दिवस मात्र खूण करून झाल्यावर त्यांनी फाइल मिटली आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, ‘तिने नाहीच म्हटलं तर?’ कोण ‘ती’, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला त्या माणसाची दया येऊ लागली होती आणि ते मला मान्य नव्हतं.

भेटीचा दिवस रविवार, चार वाजता. ‘साक्षीदार हवा’ म्हणून मला बरोबर घेतलं. घाबरलो आहे असं ते मेले तरी म्हणाले नसते. आम्ही चाळीस मिनिटं आधी पोचलो आणि वेळेआधी जाणंही वेळ चुकणंच असतं म्हणून गौरीच्या इमारतीभोवती फेऱ्या मारत राहिलो. चौथ्या फेरीला इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने खिडकीतून विचारलं, काय शोधताय? चारला साहेब दारापुढे उभे राहिले. घंटा वाजवली नाही. तक्त्यातलं पहिलं वाक्य ते होतं: दारात उभं राहून आत येऊ का, असं विचारायचं.

‘ओडी!’ ते ओरडले.

आतून आवाज आला, ‘कालिबू.’ या.

साहेब जागच्या जागी थांबले. तो आवाज त्यांच्या कानात महिनाभर होता. दार उघडलं आणि चांदा समोर आला. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले, आणि मग मान न वळवता मला म्हणाले, ‘बाई, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.’

‘तुम्ही विचारलं नाहीत.’

आत बाना चांदा जमिनीवर चटई टाकून, पाय लांब करून बसली होती आणि पायांवर बाळ घेऊन त्याला तेल लावत होती. आपल्याकडे लावतात तसंच. गौरी सोफ्याच्या टोकावर, हाताची घडी घालून. साहेबांनी फाइल उघडली, घसा खाकरला आणि उभ्यानेच सुरुवात केली. ‘म्वापोलेनी मुक्वाई.’ बाना चांदाने तेलकट हातांनी हलक्या टाळ्या वाजवल्या आणि चांगलं लांबलचक उत्तर दिलं. साहेबांना त्यातलं अक्षर कळलं नाही. ते क्रमांक तीनवर गेले. ती प्रत्येकाला उत्तर देत होती. ‘मला पाणी हवं,’ हे वाक्य आलं तेव्हा तिने चांदाला खूण केली आणि साहेबांच्या एका हातात फाइल, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास अशी अवस्था झाली. बस कुठे थांबते, असं विचारल्यावर तिने खिडकीकडे बोट केलं. मला हसू आवरेना आणि रडूही. गौरीचं तोंड लाल झालं होतं. ‘पापा,’ ती जर्मनमध्ये म्हणाली, ‘हे ऑडिट नाहीये.’

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून थांबता आलं नाही. एकवीस. ‘न्जेलेलेनीको मुक्वाई.’ ग्लास बाजूला ठेवून त्यांनी सवयीने खूण करायला पेन काढलं.

या एकाच वाक्याला उत्तर आलं नाही. बाना चांदाने बाळाचे पाय पुसले, चष्मा सारखा केला आणि वर बघितलं. सहा फुटांचा माणूस तिच्या डोक्यावर फाइल धरून उभा होता. चांदा हळू आवाजात जर्मनमध्ये म्हणाला, ‘आमच्याकडे हे मोठ्या माणसापुढे उभं राहून म्हणत नाहीत.’

साहेबांचे गुडघे गेलेले. मंडळाच्या पंगतीत दहा वर्षं त्यांच्यासाठी खुर्ची लागायची. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मग फाइल आणि पेन सोफ्यावर ठेवलं, कपाटाला धरलं आणि खाली बसायला लागले. सांधे वाजले ते मला दारापाशी ऐकू आलं. मी हात द्यायला गेले तर ‘बाई!’ म्हणून खेकसले. शेवटी बसले एकदाचे, एक पाय दुमडून, एक तसाच पुढे ताणलेला, चटईच्या कडेला. फाइल आता हाताच्या पलीकडे होती.

आणि त्यांना काही आठवेना. एकवीस वाक्यं, महिनाभराची घोकंपट्टी, सगळं गेलं. ओठ हलत होते. मी इतक्या वर्षांत जगदाळ्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. बाळाला उचकी लागली, थांबली. त्यांनी समोर बघितलं. समोर एक बाई बसली होती, नुसती बसली होती.

‘म्वाइकालेनी,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘मुक्वाई.’

काट मारलेलं वाक्य. तक्त्यात नव्हतं, पण चांदाच्या आवाजात कानात राहिलं असणार.

बाना चांदाने हात ओंजळीसारखे जुळवून टाळ्या वाजवल्या. ‘एया मुक्वाई, बाशि गौरी.’

‘“एया” म्हणजे हो. “बाशि गौरी” म्हणजे गौरीचे बाबा,’ चांदाने मला सांगितलं. या देशात वीस वर्षांत ते जर्मन लोकांचे ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, जगदाळे होते, साहेब होते, पाठीमागे आणखी बरंच काय काय होते. गौरीचे बाबा अशी हाक त्यांना वहिनींच्या मैत्रिणी मारायच्या, तेवढीच. त्यांनी मान खाली घातली आणि माफीचं वाक्य पुन्हा म्हटलं. मुळीच नीट म्हटलं नाही. अडखळले, अर्धं गिळलं, मध्ये एक मराठी शब्द घुसला. बाना चांदाने सुधारलं नाही, पुन्हा म्हणायला लावलं नाही. ती काहीतरी दोन शब्द बोलली आणि बाळ उचलून त्यांच्या त्या ताणलेल्या पायावर ठेवलं. गौरी उठून स्वयंपाकघरात गेली. मीही तिच्या मागे गेले. मला त्या माणसासाठी रडू आलं याचा मला भयंकर राग आला होता.

सोमवारी त्यांनी माझा रिपोर्ट सात ठिकाणी लाल करून परत पाठवला. तेव्हा कुणाचा गैरसमज नको: जगदाळे सुधारले वगैरे काही नाही. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात त्यांनी निमंत्रणपत्रिकेतल्या चुकांची यादी वाटली आणि वर बेम्बा लोक नमस्कार कसा करतात यावर सगळ्यांना पंधरा मिनिटं उभं करून व्याख्यान दिलं. बसलेल्यांचा नमस्कार उभ्यांना शिकवणारा हा एकच महाभाग.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ते निवृत्त होऊन कोरेगावला कायमचे जायच्या आधी, मार्क्टप्लात्सच्या ट्राम स्टॉपवर. त्यांनी मला पाहिलं नाही. गौरी होती, कडेवर बाळ, खांद्यावर दोन पिशव्या, आणि तिसरी घसरत होती. साहेब शेजारी ताठ उभे, पांढरा शर्ट, खिशात पट्टी आणि पेन. ट्राम आली. गौरी त्यांच्याकडे वळली आणि घाईघाईने म्हणाली, ‘बाबा, पिशवी मी घेतो. तू बाळ पकडा.’

मराठीत. सात वर्षांची असताना बंद झालेलं ते मराठी तिथूनच पुढे सुरू झाल्यासारखं निघालं, आणि एवढ्याशा वाक्यात चुका इतक्या ढळढळीत होत्या की मला पलीकडच्या फलाटावर कळल्या. साहेबांचं तोंड उघडलं. मी ते उघडं तोंड चार वर्षं पाहिलं होतं, त्यातून काय येतं ते मला पाठ होतं, आणि मी श्वास धरून उभी राहिले.

‘एया,’ ते म्हणाले, आणि बाळ घेण्यासाठी दोन्ही हात पुढे केले.